मूळ गावाचे टिंब

चवथ आली की पणजी-पर्वरीच्या कितीतरी फ्लॅटांना कुलुपे लागतात. वर्षभर ज्या पत्त्यावर टपाल येते, विजेचे बिल येते, तो पत्ता चार दिवस ओस पडतो आणि माणसे 'घरी' जातात. हे घर पेडण्यात असते, हरमलला असते, डिचोलीत, साखळीत, मयेत, नार्व्यात असते. माटोळीला बांधायची रानफळे तिथल्याच बाजारातून यायची आणि मूर्तीही तिथल्याच चित्रशाळेतून. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत मंडळातल्या प्रत्येक कुटुंबाचे मूळ गाव छापावे असे आम्ही ठरवले. त्यासाठी संगणकावर एक अर्ज तयार केला, त्याचा दुवा सर्वांना पाठवला आणि निर्धास्त झालो.

अर्ज भरून आले. यादी उघडली तर त्यात एकही मूळ गाव नव्हते. पेडणे नाही, डिचोली नाही. सगळीकडे पणजी, पर्वरी, म्हापसा, फोंडा. ज्या गावांसाठी हा खटाटोप केला तीच तेवढी गळाली होती.

शोध घेतला तेव्हा कारण सापडले ते एका टिंबात. अर्ज आमच्यापैकी दोघांनी मिळून तयार केला होता. एकाने मूळ गावाच्या रकान्याला 'मु.पो' असे नाव दिले, मधे टिंब घालून. दुसऱ्याने खाली सध्याच्या पत्त्याच्या रकान्याला 'मु पो' असे दिले, मधे जागा सोडून. माणसाच्या डोळ्याला हे दोन रकाने वेगळे दिसत होते, कारण वर मथळे वेगळे होते. संगणकाने मात्र दोन्ही नावे 'मु_पो' अशी करून घेतली. एका नावाच्या खणात दोन उत्तरे आली की नंतरचे राहते आणि आधीचे पुसले जाते. सध्याचा पत्ता नंतर होता, तो राहिला. मूळ गाव आधी होते, ते गेले.

चूक आमचीच होती. पण तिच्या मागे लागलो तेव्हा ध्यानात आले की पेडणे-डिचोलीच्या नावांवर ही वेळ पहिल्यांदा आलेली नाही. गेली चारशे वर्षे आपली नावे कुणाच्या ना कुणाच्या रकान्यात बसवली जात आहेत आणि दर वेळी त्यांतले एखादे चिन्ह बाहेर राहते आहे. तोच इतिहास यंदा वाचकांपुढे ठेवत आहोत.

सहाशे साचे

गोव्यात छापखाना आला १५५६ साली. पण त्यात खिळे होते रोमन लिपीचे. इंग्लंडहून आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली साष्टीतल्या रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीतच. या भाषेवर त्यांचा जीव होता. इथल्या भाषेतले पुस्तक इथल्याच लिपीत छापले जावे ही त्यांची इच्छा १६०८ सालच्या एका पत्रात नोंदलेली आहे. अडचणही त्यात सांगितली आहे. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, इथे जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरून सहाशेच्या घरात साचे पाडावे लागतील. हा इतिहास प्रियोळचे सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणावरच्या १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला आहे. तो मुळातून वाचावा.

सहाशे साचे पडले नाहीत. मग आहे त्या अक्षरांवर काम भागवले गेले. आपल्या ट, ड, ण, ळ या वर्णांसाठी रोमन लिपीत स्वतंत्र अक्षर नाही, तेव्हा तेच अक्षर दोनदा लिहायची रीत पडली. जे चिन्ह यंत्रात नाही त्याच्या जागी यंत्रात असलेले दुसरे बसवायचे, ही युक्ती तेव्हापासूनची. ती करणाऱ्याला मूळ उच्चार ठाऊक असतो, त्यामुळे त्याचे अडत नाही. पुढे वाचणाऱ्याला तो ठाऊक असेलच असे नाही, आणि घोटाळा तिथे सुरू होतो.

पेडणे आणि डिचोली त्या काळी पोर्तुगीज अमलाखाली नव्हते. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातल्या. आपले महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. डिचोली त्या शतकाच्या नवव्या दशकात आणि पेडणे १७८८ साली. म्हणूनच या नव्या काबिजादीत देवळे राहिली, कीर्तने राहिली आणि मोडीतली दप्तरेही राहिली. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली नव्याने उभारले, ते आजही उभे आहे. मोडी ही भरभर लिहायची लिपी. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोरपणा नाही, पण 'पेडणें' लिहिताना कारकुनाला परक्या अक्षरांत शोधाशोध करावी लागत नव्हती.

ह गेला, ड चा र झाला

नवे सरकार आल्यावर गावांची नावे पोर्तुगीज कानांनी ऐकली गेली आणि पोर्तुगीज अक्षरांत लिहिली गेली. आज इंग्रजी पाट्यांवर जी रूपे आपण पाहतो ती मूळची इंग्रजी नव्हेत, पोर्तुगीज आहेत. ती इंग्रजीसारखी वाचली की हसू येते. पोर्तुगीजसारखी वाचली तर बरीचशी आपल्या उच्चाराजवळ येतात.

पोर्तुगीज भाषेत एच हे अक्षर मुके आहे. त्यामुळे आपला ह कागदावर टिकला नाही. हरमलचे अरांबोल झाले, हरवळ्याचे अर्वालेम झाले आणि पेडणे महालातल्या हळर्णचे अलोर्ना झाले. हळर्णचा किल्ला १७४६ साली घेणाऱ्या व्हाइसरॉयला त्याबद्दल 'मार्केस द अलोर्ना' हा किताब मिळाला. आपल्या शापोरा नदीकाठच्या गावाचे नाव असे लिस्बनच्या सरदार घराण्यात जाऊन बसले, ह मागे ठेवून.

दोन स्वरांमधला आपला ड त्यांच्या कानांना र सारखा लागला. म्हणून पेडणेच्या स्पेलिंगात डी नाही, आर आहे. विर्नोड्याच्या आणि अस्नोड्याच्या शेवटीही तोच आर. एक्स या अक्षराचा पोर्तुगीज उच्चार श सारखा. म्हणून तोरसे या गावाच्या स्पेलिंगात एक्स येतो आणि बाहेरगावचा माणूस 'तोरक्सेम' कुठे आहे म्हणून विचारतो.

सगळ्यांत मोठा घोटाळा शेवटच्या एमचा. पेडणे, मांद्रे, मये, कुडणे, मेणकुरे, लाटंबार्से या सर्वांच्या शेवटी एम. डिचोली, साखळी, मोरजी यांच्याही शेवटी एम. इंग्रजी शिकलेला माणूस तो ओठ मिटून म्हणतो, 'पर्नेम', 'बिचोलिम'. पण पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटचा एम ओठांनी म्हणायचाच नसतो. आधीचा स्वर नाकातून म्हणा, एवढीच ती खूण. थोडक्यात, तो एम म्हणजे आपला अनुस्वार. गावातली म्हातारी माणसे आजही 'पेडणें' असेच म्हणतात, शेवटचा ए किंचित नाकात नेऊन. त्या लिहिणाऱ्याने ते बरोबर ऐकले होते आणि आपल्या रीतीने बरोबरच लिहिले होते. साखळीच्या स्पेलिंगात मधेच येणारा एनही असाच 'सांखळी'तल्या टिंबाचा. डिचोलीच्या आरंभीचा बी मात्र डोळ्यांत खुपतो. लोकांच्या तोंडी ते अजून 'दिवचल' आहे.

माणसांच्या नावांचेही तेच. नाईक 'नायके' झाले, कामत 'कामोतीं' झाले, परब आणि प्रभू 'पोरोब' झाले, शेणवी 'सिनाय' झाले, विष्णू 'विष्णुं' झाला, तोही एक्स आणि एम घालून. याचे ठळक उदाहरण म्हणजे सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे थोर इतिहाससंशोधक पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर (१८९४–१९६९). गोव्याच्या अभिलेखागाराचे ते प्रमुख होते आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांवर त्यांनी हयात वेचली. मोडी आणि पोर्तुगीज, दोन्ही दप्तरांत लीलया वावरणारा हा माणूस आपल्या पोर्तुगीज ग्रंथांवर 'पांडुरोंग साकाराम सिनाय पिसुर्लेंकार' असे नाव लावी. त्या आडनावातही कर च्या आधी एन आहे, म्हणजे गावाच्या नावावरचे टिंब आडनावापर्यंत पोहोचलेले आहे.

टिंब आम्हीच काढले

हे सगळे वाचून वाटेल की परक्यांनी आपली नावे मोडली. अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे सांगायला हवे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, जन्माने पेडण्याचेच. त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या वाड्यावर कधी पाटी-पेन्सिल पोहोचली नव्हती तिथली मुले शिकली. आमच्या मंडळातले अनेक ज्येष्ठ त्याच शाळांतून पुढे आले. त्याच सुमारास, १९६२ साली, महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य केले. उच्चारात नसलेले अनुस्वार लिहू नयेत, असा त्यांतला एक नियम. पुण्या-मुंबईच्या बोलण्यातून ते अनुस्वार केव्हाच गेले होते, तेव्हा नियम रास्तच होता. पण पेडण्याच्या तोंडातून ते गेले नव्हते. मास्तरांनी नियमाप्रमाणे हजेरीपटावर 'पेडणे' लिहिले. आपले टिंब आपल्याच हातांनी उतरले, आणि ते जपून राहिले परक्याच्या एममध्ये. कोकणी लेखनात ते आजही दिले जाते.

तिकडे कचेऱ्यांत पोर्तुगीज जाऊन इंग्रजी आली आणि इंग्रजी टंकलेखन यंत्र आले. पोर्तुगीज लेखनात 'गाव' लिहिताना ए वर एक नागमोडी रेघ असते, तीही नाकातल्या उच्चाराचीच खूण. पिळगाव, कोरगाव, मडगाव यांच्या शेवटी ती होती. म्हापशाच्या सीखाली एक शेपटी होती. इंग्रजी यंत्रावर ना ती रेघ होती ना ती शेपटी. पिळगावची रेघ गेली, म्हापशाच्या शेपटीवाल्या सीच्या जागी साधा एस बसला. १९६३ साली अमेरिकेत संगणकासाठी जी प्रमाण संकेतावली ठरली तिच्यात १२८ जागा होत्या. त्यांतही ही अक्षरे नव्हती आणि नागरीचा तर प्रश्नच नव्हता.

यातून एकाच घराची तीन-तीन नावे झाली. आजोबांच्या जन्मनोंदीत आणि जमिनीच्या जुन्या कागदांत पोर्तुगीज रूप, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात मराठी रूप, आपल्या पासपोर्टवर इंग्रजी वळणाचे तिसरेच. एक-चौदाचा उतारा काढायला गेलेल्या माणसाला हा आजोबा आणि तो आजोबा एकच, हे प्रतिज्ञापत्र करून सांगावे लागते. नाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० साली स्वतंत्र कायदा झाला. तो आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असेल, कारण त्या वाटेने जावेच लागते. एका एक्सपायी वारसाहक्काचे काम वर्षभर रखडलेली घरे आमच्या मंडळात आहेत.

रास्मुसचे टिंब

आता आमच्या अर्जाकडे येऊ. अर्ज ज्या भाषेत चालत होता तिचे नाव पीएचपी. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रास्मुस लेर्डोर्फ यांनी ती १९९५ साली जगापुढे ठेवली. आपले व्यक्तिगत पान सांभाळण्यासाठी केलेली ती हत्यारे होती, 'पर्सनल होम पेज' या शब्दांवरूनच नाव पडले. १९९८ साली झीव्ह सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी ती नव्याने बांधली. पुढे जगातल्या असंख्य संकेतस्थळांचा पाया तीच झाली.

सुरुवातीला या भाषेत एक मोठी सोय होती. अर्जातल्या रकान्याला जे नाव द्याल, त्याच नावाचा एक खण आज्ञावलीत आपोआप तयार व्हायचा. रकाना 'गाव' तर खणही 'गाव'. पण खणाच्या नावाला भाषेचे नियम होते. त्यात मोकळी जागा चालत नाही. टिंबही चालत नाही, कारण पीएचपीत टिंब म्हणजे दोन शब्द जोडण्याची खूण. 'मु.पो' असे खणाचे नाव आले तर मु आणि पो जोडायचे असा अर्थ होईल. म्हणून नियम ठरला: रकान्याच्या नावात टिंब किंवा मोकळी जागा आली तर तिथे अधोरेषा घालायची. चौकोनी कंसाला वेगळा मान. 'मुले' पुढे उघडता-मिटता चौकोनी कंस दिला तर सर्व मुलांची नावे एकाखाली एक यादीत जमा होतात. कंस उघडून मिटायचा राहिला तर त्याचीही अधोरेषा होते.

ती आपोआप खण तयार करण्याची सोय पुढे धोक्याची ठरली. बाहेरचा माणूस रकान्याचे नाव बदलून आतल्या खणात हात घालू शकत होता. २००२ साली ती मुळात बंद ठेवली जाऊ लागली आणि २०१२ साली भाषेतून काढूनच टाकली. आता अर्जातली उत्तरे एका वेगळ्या यादीत येतात, आणि त्या यादीत टिंब किंवा जागा असायला काहीच हरकत नाही. कारण संपले, पण नियम राहिला. त्यावर बांधलेल्या जगभरच्या हजारो अर्जांचे काय होईल, या काळजीने तो तसाच चालू आहे. डिचोलीचा बी जसा राहिला, तसाच हा.

आम्हाला खरी चिंता नागरीची होती. रकान्यांची नावे मराठीत दिली म्हणून घोळ झाला, असेच आधी वाटले. पण तसे नव्हते. १९९१ साली युनिकोड आले आणि त्यात देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. आज प्रचलित पद्धतीत प्रत्येक नागरी चिन्ह तीन अंकांनी साठवले जाते. 'पेडणे'त प, मात्रा, ड, ण, मात्रा अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा अंक, आणि त्यांतला प्रत्येक १२८ किंवा त्याहून मोठा. टिंब, जागा, कंस यांचे अंक १२८ च्या आतले. त्यामुळे नागरी अक्षराला पीएचपी हात लावत नाही. तिच्या नियमांत खणाचे नावसुद्धा नागरीत चालते. यापूर्वीच्या काळात नागरी फॉन्ट इंग्रजी कळांच्या जागांवरच बसवलेले असत. आपल्या जुन्या स्मरणिकांच्या फायली आज उघडल्या की अक्षरांऐवजी चिन्हांचा खच दिसतो तो त्यामुळे. तेव्हा असा अर्ज केला असता तर अक्षरेच अधोरेषा होऊन बसली असती.

म्हणजे यंत्राने आपल्या लिपीला धक्का लावला नाही. अनुस्वाराचे टिंबही त्याने जसेच्या तसे ठेवले. ते नागरी चिन्ह आहे, पूर्णविराम नव्हे. पुसले गेले ते 'मु.पो' मधले टिंब, आणि तेही दोन माणसांनी एकमेकांना न विचारता नावे ठेवली म्हणून. उपाय साधा होता. दर्शनी मथळा 'मु. पो.' असाच राहू दिला आणि आतले नाव 'मूळ_गाव' असे, टिंब आणि जागा न ठेवता, दिले. आपल्याकडे प्रत्येकाला घरातले एक आणि कागदावरचे एक अशी दोन नावे असतातच. तसेच हे.

फोनवर आलेली गावे

गेलेली उत्तरे मात्र परत आली नाहीत. मग एकेका घरी फोन केला. अर्जात एका शब्दाचे उत्तर मिळाले असते. फोनवर अर्धा तास मिळाला. एका आजींनी गाव सांगितले ते 'पेडणें', टिंबासकट. दिवाळीला घरातली जुनी पेटी उन्हात घालतात, तिच्यात आजोबांचे नाव कसे लिहिले आहे ते त्यांनी अक्षर-अक्षर वाचून दाखवले. दुसऱ्या घरात भाऊ-भाऊ वेगवेगळी आडनावे लावतात. एकाचे गावावरून पडलेले, दुसऱ्याचे जुने. दोघांच्या मुलांना आपण चुलत भावंडे आहोत हे ठाऊक आहे, पण त्यांच्या मुलांना ते कागद पाहून कळणार नाही.

यादी संगणकावर घालताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. 'पेडणे' शोधले तर 'पेडणें' सापडत नाही. यंत्राच्या लेखी ती दोन गावे आहेत. इंग्रजी पाटीवरचे तिसरे. ती तिन्ही एकच आहेत हे सांगणारे माणूस असेपर्यंत ठीक.

म्हणून या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर कुटुंबांची यादी तीन रकान्यांत दिली आहे: घरात म्हणतात ते नाव, मराठीत लिहितात ते आणि जुन्या कागदांत आहे ते. तिसरा रकाना पुष्कळ ठिकाणी रिकामा आहे. या चवथीला गावच्या घरी जाल तेव्हा आरत्या झाल्यावर वडीलधाऱ्यांना विचारा, पेटीतले कागद काढा आणि एका चिठ्ठीवर लिहून आम्हाला कळवा. पेनाने लिहिलेत तरी चालेल. उत्सव संपल्यावर आम्ही ते यादीत भरू, आणि या खेपेला रकान्यांची नावे दोघांनी बसून तपासली आहेत.

गणपती बाप्पा मोरया!